जे भिंतीवर असायला हवे, त्यासाठी अर्ज कशाला?

आदरणीय ताई,

सातारा जिल्ह्यातील एका लहान गावात आम्ही राहतो. घरची शेती आहे, मी शिवणकाम करते आणि आमच्या बचत गटाची सचिव म्हणून गटाची वही सांभाळते. मागच्या वर्षी आमच्या आळीतला रस्ता सिमेंट काँक्रीटचा झाला आणि पहिल्याच पावसात त्याच्या कडा ढासळल्या, मधोमध भेगा पडल्या. काम किती रुपयांचे होते, कोणी केले आणि आता दुरुस्त कोण करणार, एवढेच विचारायला मी ग्रामपंचायतीत गेले, तर ‘माहितीच्या अधिकारात अर्ज टाका’ असे उत्तर मिळाले. घरकुलाच्या यादीचेही तसेच. शेजारच्या मावशी कुडाच्या घरात राहतात, त्यांचे नाव यादीत का नाही हे कोणी सांगत नाही. आता तर ‘ती लोकांची खासगी माहिती आहे, दाखवता येत नाही’ असे म्हणू लागले आहेत. अर्ज करायचा तर सासरे नको म्हणतात. ‘गावात राहायचे आहे, कोणाशी वाकडे घेऊ नका’ असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते चूक आहे असे मला म्हणवत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी नाव-पत्ता लिहून अर्ज करावाच लागतो का? सरकारी कार्यालयांनी आपण होऊन लोकांना माहिती द्यावी, असा काही नियम नाही का?

— एक वाचक भगिनी

प्रिय भगिनी,

असा नियम आहे. तो माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये आहे, आणि अर्ज कसा करावा हे सांगणारे कलम ६ त्याच्या नंतर येते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कायदा अंमलात आणतानाही तोच पाळला गेला होता. १५ जून २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली त्याच दिवसापासून कलम ४ चे पहिले पोटकलम लागू झाले आणि प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १२० दिवसांच्या आत ठरलेली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे बंधन पडले. नागरिकांना अर्ज करण्याचा मार्ग खुला झाला तो १२ ऑक्टोबर २००५ रोजी, म्हणजे ती मुदत भरत आली तेव्हा. देशातला पहिला अर्ज कोणाच्या टेबलावर पडण्यापूर्वीच रोजच्या कारभाराची माहिती लोकांसमोर आलेली असावी, अशी ही रचना होती. तुम्हाला ‘अर्ज टाका’ असे ज्यांनी सांगितले त्यांनी हा क्रम उलटा लावला. बहुतेक कार्यालयांत तो इतकी वर्षे उलटाच लावला जात आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्रामपंचायत ही या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरण आहे, तशीच पंचायत समिती, जिल्हा परिषद, तहसील कार्यालय, सरकारी दवाखाना आणि पोलीस ठाणेही. कलम ४(१)(ख) मध्ये या सर्वांनी प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी दिल्या आहेत. कार्यालयातले लोक त्यांना ‘सतरा मुद्दे’ म्हणतात. त्या सगळ्या तुम्हाला पाठ असण्याची गरज नाही. कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची नावे, त्यांचे मासिक वेतन, नियमपुस्तके, दस्तऐवजांचे प्रकार अशा बाबी त्यात आहेत आणि नेमक्या त्याच सर्वत्र आवडीने छापल्या जातात, कारण त्या छापल्याने कोणाचे काही उघडे पडत नाही. तुमच्या पत्राशी संबंध आहे तो पुढच्या बाबींचा. निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला जातो आणि त्यावर देखरेख व जबाबदारी कोणाची, ही तिसरी बाब. प्रत्येक योजनेला किती तरतूद झाली, किती खर्च प्रस्तावित होता आणि प्रत्यक्षात किती पैसा वाटला गेला, ही अकरावी. अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले जातात, त्यासाठी किती रक्कम दिली गेली आणि लाभार्थी कोण आहेत, ही बारावी. सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे कोणाला मिळाली, ही तेरावी. रस्त्याचा खर्च अकराव्या बाबीत येतो आणि घरकुलाची यादी बाराव्या बाबीत. ही सगळी माहिती दरवर्षी अद्ययावत करायची असते.

त्याच पोटकलमात पुढे आणखी दोन तरतुदी आहेत, ज्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कलम ४(१)(ग) प्रमाणे लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा तसे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची असते. कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना द्यायची असतात. तुमच्या शेजारच्या मावशींचे नाव यादीत आले नसेल, तर ते का आले नाही हे त्यांना सांगणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. ते त्यांना केवळ सौजन्य म्हणून सांगायचे नसते, आणि त्यासाठी त्यांनी कोणाच्या दारात दहा वेळा उभे राहण्याचेही कारण नाही.

माहिती कशी पोहोचवायची, हेही कायद्याने मोघम ठेवलेले नाही. लोकांना या कायद्याचा आधार घेण्याची वेळ कमीत कमी यावी यासाठी ठराविक काळाने स्वतःहून माहिती देत राहावे, असे कलम ४ चे दुसरे पोटकलम सांगते. चौथे पोटकलम खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन कोणते, यांचा विचार करायला सांगते. त्याखालच्या स्पष्टीकरणात सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट यांचा उल्लेख आहे, आणि कार्यालयातील कागदपत्रांची पाहणी करू देणे हेही त्यात धरले आहे. तेव्हा ‘आम्ही संकेतस्थळावर टाकले आहे’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही. ज्या आळीत निम्म्या घरांत वयस्क माणसे राहतात, तिथे चावडीची भिंत आणि दवंडी ही कायद्याला अभिप्रेत असलेलीच साधने आहेत. संकेतस्थळावर मान्यवरांची छायाचित्रे आणि आठ-दहा वर्षांपूर्वीचा तक्ता असेल, तर त्याला प्रसिद्धी म्हणता येत नाही.

आता तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येते. तुमच्या पत्रातला तो भाग मी दोनदा वाचला. त्यांची भीती निराधार नाही. जमिनीचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून उघड करणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना हत्या झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. गावात गोष्टी सहसा त्या टोकाला जात नाहीत, पण अर्जावर नाव असते, ते नाव दुपारपर्यंत पारावर पोहोचते आणि मग पाण्याची पाळी, सोसायटीचे कर्ज, दाखल्यावरची सही अशा प्रत्येक ठिकाणी त्याची आठवण काढली जाते. याच कारणासाठी मला कलम ४ हे या कायद्याचे हृदय वाटते. अर्जाने मिळालेल्या माहितीला मागणाऱ्याचे नाव चिकटलेले असते, पण भिंतीवर लिहिलेली माहिती कोणी मागितली हा प्रश्नच उरत नाही. ती पाणी भरायला जाणारी सूनही वाचते आणि सरपंचांचा भाऊही वाचतो. धाडस नसलेल्या, वेळ नसलेल्या, अर्ज लिहिता न येणाऱ्या माणसालाही माहिती मिळावी, म्हणून हे कलम आहे.

हा विचार कागदावर जन्माला आलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराणा येथे पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची उघड सुनावणी, घेतली, तेव्हा सरकारी कामांचे कागद गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. हजेरीपटावर कोणाचे नाव आहे आणि ते माणूस त्या दिवशी कामावर होते का, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. समोर बसलेल्या बायकापुरुषांनाच ते माहीत होते. आपल्या राज्यातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतून महाराष्ट्राचा स्वतःचा माहितीचा अधिकार कायदा केंद्रीय कायद्याच्या आधी आला होता. राजस्थानने पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केले. त्यावर शिधापत्रिकेवरचे धान्य, निवृत्तिवेतन आणि पंचायतीची कामे यांची माहिती कोणताही अर्ज न करता पाहता येते. ही गोष्ट जमणारी आहे, एवढे त्यावरून तुमच्या ग्रामपंचायतीला सांगता येईल.

आणि खरे सांगायचे तर तुम्ही स्वतः हेच काम दर महिन्याला करत आहात. बचत गटाच्या बैठकीत तुम्ही वही उघडता, कोणाची बचत किती, कोणाचे कर्ज किती, कोणाचा हप्ता राहिला हे सर्वांसमोर वाचता. त्यासाठी एकाही सभासदाला अर्ज करावा लागत नाही आणि त्यामुळेच गट टिकतो. ग्रामपंचायतीकडून तुमची अपेक्षा याहून वेगळी नाही.

रस्त्याबद्दल आता थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे नेमके काय पाहायचे हे माहीत नसेल तर कागद हातात येऊनही उपयोग होत नाही. सर्वांत आधी पैसा कोठून आला ते शोधा. गावातला रस्ता वित्त आयोगाच्या निधीतून होतो, जनसुविधा योजनेतून होतो, आमदार निधीतून होतो किंवा ज्याला गावोगावी ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात त्या २५१५ या लेखाशीर्षातूनही (सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खात्यातूनही) होतो. पैसा वित्त आयोगाचा असेल, तर ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा आणि झालेली देणी केंद्राच्या ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर दिसतात. हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले आणि मोबाइलवरही उघडते. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडले की कोणाला कधी किती रक्कम दिली ते पाहता येते. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि तुमचे नाव कोठेही लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. तुमच्या गटातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, म्हणजे तिलाही ते येईल.

पैशाचा उगम कळला की कागदांचा माग काढता येतो. कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि शेवटचे देयक, या क्रमाने काम पुढे जाते. यातली मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एम. बी. म्हणतात, ती सर्वांत बोलकी असते. अभियंत्याने रस्त्याची लांबी, रुंदी आणि काँक्रीटची जाडी किती मोजली हे तिच्यात लिहिलेले असते आणि पैसे त्या मापानेच निघतात. रस्त्याची कड जिथे तुटली आहे तिथे तुमच्या शिवणकामाच्या टेपनेही जाडी मोजता येईल. कार्यारंभ आदेशात किंवा करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत काम खराब झाले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते. ‘दुरुस्त कोण करणार’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका ओळीत आहे, आणि मुदत संपायच्या आत ते शोधणे हे तुमच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या दप्तरात नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकड वही आणि नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही. घरपट्टीमुळे नमुना ८ आपल्या सर्वांना माहीत असतो, तशीच ही नावे माहीत असली तर बोलणे सोपे जाते. एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. मोजमाप पुस्तिकेचे पान न् पान फलकावर लावा असे कलम ४ म्हणत नाही. योजनेचे नाव, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च एवढे फलकावर यायला हवे. मोजमाप पुस्तिका तुम्ही पाहणीच्या हक्काने पाहायची आहे.

त्या पाहणीसाठी महाराष्ट्रात एक चांगली सोय आहे, जिची आठवण फार थोड्यांना असते. पुणे महानगरपालिकेत दर सोमवारी नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची प्रथा पडली होती, आणि तिच्यावरून राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जिल्ह्यातील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध करून देण्याच्या सूचना दिल्या. मोजमाप पुस्तिका बहुधा ग्रामपंचायतीत नसून जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात असते, तेव्हा तालुक्याच्या बाजाराला गेलात की तिथे डोकावा. जाताना गटातल्या तिघी-चौघी जा. एकट्या बाईला ‘साहेब बाहेर गेलेत’ असे सहज सांगितले जाते.

घरकुलाच्या यादीबद्दल तुम्हाला जे सांगितले गेले, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याची सबब पूर्वीपेक्षा रुंद केली, ही गोष्ट खरी आहे आणि माझ्या मते ती खेदाची आहे. पण कलम ४(१)(ख) ची बारावी बाब आजही जशीच्या तशी आहे, आणि तिच्यात लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करा असे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय माहिती न देऊन जे हित जपले जाते त्यापेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, हे सांगणारे कलम ८(२) देखील शिल्लक आहे. लाभार्थ्याचा आधार क्रमांक, बँक खाते किंवा मोबाइल क्रमांक भिंतीवर लिहू नये, हे मलाही पटते आणि तसा आग्रह कोणी धरूही नये. नाव, योजना, वर्ष आणि मंजूर रक्कम हे मात्र सार्वजनिक पैशाचे तपशील आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) ज्या यादीला गावात ‘प्रपत्र ड’ म्हणतात, ती तर ग्रामसभेपुढे यायची यादी आहे. जी यादी सगळ्या गावासमोर वाचायची, ती कपाटात खासगी कशी होईल? मावशींना सोबत घेऊन त्यांचे नाव तिथे आहे का, असल्यास कोणत्या क्रमांकावर आहे आणि वगळले असल्यास काय कारण लिहिले आहे, हे आधी पाहा. रेशनच्या बाबतीतही तुमच्या हाती आधार आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याच्या कलम २७ प्रमाणे सार्वजनिक वितरण व्यवस्थेचे अभिलेख लोकांसाठी खुले ठेवायचे असतात.

आता हे घडवून आणायचे कसे, याबद्दल माझा सल्ला असा की, आधी नाव न लावता जेवढे होईल तेवढे करावे. आपल्याकडे ग्रामसभेच्या नियमित सभेपूर्वी महिलांची सभा घ्यायची असते. तुमचा विषय तिथे मांडा. रस्ता खराब झाला, कोणी पैसे खाल्ले, असे काहीही म्हणू नका. ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे चालू वर्षात मंजूर झालेली कामे, प्रत्येक कामाची रक्कम, निधीचा स्रोत, ठेकेदाराचे नाव, काम सुरू व पूर्ण झाल्याचा दिनांक, दोषदायित्वाची मुदत, तसेच सर्व वैयक्तिक लाभाच्या योजनांच्या लाभार्थ्यांची नावे ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लिहावीत व दर तीन महिन्यांनी अद्ययावत करावीत’ एवढाच ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात शब्दशः आला आहे ना हे सभा संपण्यापूर्वी वाचून घ्या. हा ठराव पुढे ग्रामसभेत जाईल. तो पंचवीस बायकांनी मिळून मांडलेला असेल, त्यामुळे अमुक एका सुनेने काढलेली भानगड असे त्याला म्हणता येणार नाही. सासऱ्यांना ही वाट पटेल असे मला वाटते. शिवाय महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षीच्या हिशेबाचे विवरणपत्र, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणातील आक्षेप मांडायचेच असतात. त्या सभेला चुकवू नका.

ग्रामसेवकांविषयी, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, थोडे बोलायला हवे. मी एका जिल्हा कार्यालयात लेखा शाखेत नोकरी केली आहे आणि तिथे सतरा मुद्द्यांची पुस्तिका तयार करण्याचे काम दोनदा माझ्याकडे आले होते. पहिल्या वेळी वरिष्ठांनी सांगितले की मागच्या वर्षीचीच प्रत घ्या, तारीख बदला आणि पाठवा. दुसऱ्या वेळी मी हट्टाने योजनांच्या रकमा नव्याने भरल्या, तर त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या खिडकीवर ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ विचारायला येणारी माणसे खरोखर कमी झाली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहिते. आकडे दडवण्याची इच्छा प्रत्येक वेळी नसते. एका माणसाकडे कधी दोन-तीन गावांचा कारभार असतो, दप्तर विस्कळीत असते आणि विचारणारा कोणी नसतो. त्यामुळे तुमच्या गटाने ‘आकडे तुम्ही द्या, भिंतीवर रंगवून घेण्याची व्यवस्था आम्ही पाहतो’ असे म्हणून पाहावे. यातून पुष्कळदा काम होते, आणि झाले नाही तरी तुम्ही सहकार्य देऊ केले होते याची नोंद इतिवृत्तात राहते.

एवढे करूनही भिंत कोरीच राहिली, तर मात्र अर्ज करावा लागेल, आणि तो करताना एक कायदेशीर बारकावा लक्षात ठेवावा लागेल. कलम ४ पाळले नाही म्हणून थेट दंड करावा अशी तरतूद कायद्यात नाही. ही त्याची मोठी उणीव आहे. कलम २० चा दंड, जो दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये असतो, तो अर्जावरची माहिती विनाकारण नाकारली, मुद्दाम उशीर केला किंवा चुकीची माहिती दिली, तर अर्जाला उत्तर देणे ज्याचे काम असते त्या जन माहिती अधिकाऱ्यावर बसतो. म्हणून अर्ज असा लिहा: ‘कलम ४(१)(ख) खाली या ग्रामपंचायतीने प्रसिद्ध केलेल्या सतरा बाबींच्या माहितीची अद्ययावत प्रत, ती प्रसिद्ध केल्याचा दिनांक आणि ठिकाण.’ आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यात हे सहज बसते. १० रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावा. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल तर शुल्क लागत नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नसते आणि तसे विचारताही येत नाही. रस्त्याचे कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असतील, तर तुमचा अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. त्यानेही झाले नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, म्हणजे पुण्याला, दुसरे अपील करा. तिथे पुष्कळ जण कलम १८ खाली नुसती तक्रार करून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, माहिती देण्याचा आदेश मात्र देऊ शकत नाही. त्यासाठी कलम १९ चे अपीलच हवे. अपिलात मागणी करताना ‘कलम १९(८)(क) प्रमाणे ही माहिती प्रसिद्ध करण्याचे आणि अनुपालनाचा वार्षिक अहवाल सादर करण्याचे निर्देश द्यावेत’ हे वाक्य अवश्य लिहा, म्हणजे आदेश झाला तर माहिती केवळ तुमच्या हातात न पडता सगळ्या गावासाठी खुली होईल. १७ ऑगस्ट २०२३ रोजी किशनचंद जैन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय व राज्य माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर सातत्याने लक्ष ठेवायला सांगितले आहे. त्या निकालाचा उल्लेखही करा. आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात आणि तारीख लागायला बराच काळ जातो, हे मनाशी धरून चाला. अर्ज करण्याची वेळ आलीच, तर शक्य असल्यास गटातल्या पाच-सहा जणींनी एकाच मजकुराचे अर्ज आपापल्या नावाने द्यावेत. रोष वाटला जातो आणि कोणा एकीवर तो येत नाही.

शेवटी फलकाबद्दल एक छोटी सूचना करते. भिंत रंगवायची ठरलीच, तर पावसाचा मारा बसणार नाही अशी, शक्यतो ओसरीच्या आतली बाजू निवडा, अक्षरे हाताच्या वितीएवढी नसली तरी चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी ठेवा आणि वरच्या कोपऱ्यात ‘अद्ययावत केल्याचा दिनांक’ असे लिहून पुढची जागा खडूने लिहिता येईल अशी काळी रंगवून घ्या. ती तारीख बदलली आहे का, एवढे दर तीन महिन्यांनी गटाच्या बैठकीला जाता-येता पाहत जा. आणि रस्त्याच्या दोषदायित्वाची मुदत कधी संपते ते कळले की मला जरूर कळवा. मुदत शिल्लक असेल, तर ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीला द्यायच्या पत्राचा मसुदा मी तुम्हाला याच सदरातून देईन.

तुमची,
सदर लेखिका